जुन्या बुलेटच्या टाकीतला गंज : आतून कोटिंग करावं की करू नये?

गोदाकाठी
नमस्कार मंडळी. १९७३ ची बुलेट आहे, टाकी मूळचीच. बाहेरचा रंग आणि हाताने ओढलेल्या सोनेरी रेघा अजून शाबूत आहेत, त्यामुळे बाहेरून टाकीला धक्का लागू द्यायचा नाही. टॉर्च मारून आत पाहिलं तर टाकीच्या छताला तांबूस गंज दिसतो. कॉकमधून, म्हणजे टाकीखालच्या तोटीतून, काढलेल्या पेट्रोलमध्ये बारीक तपकिरी गाळ येतो. टाकी कुठेही गळत नाही. जून ते सप्टेंबर गाडी जवळपास उभीच असते, पत्र्याच्या शेडमध्ये, टाकीत दोन-तीन लिटर पेट्रोल ठेवून. गंज काढून आतून कोटिंग करून घ्यावं का? पावसाळ्यात टाकी भरून ठेवावी की रिकामी? आणि आताच्या वीस टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलचा यात किती हात आहे?

बालाघाटी
गंज एकदा धरला की तो आपणहून थांबत नाही. ॲसिडने टाकी धुवा, आतून एपॉक्सी (सुकून कडक होणारं रेझिन) फिरवा आणि मोकळे व्हा. पत्र्याला पाणी लागलंच नाही तर गंजेल कशाला?

तेरणाकाठ
कामून एवढी घाई, बालाघाटी? टाकी गळत नाही म्हणून भाऊ स्पष्ट सांगालेत. गळत नसलेल्या टाकीत कोटिंग टाकू नये, हे माझं ठाम मत. कोटिंगला पत्रा शंभर टक्के स्वच्छ आणि कोरडा लागतो. बुलेटच्या टाकीच्या पोटात फ्रेमसाठी बोगदा असतो, त्याच्या दोन्ही अंगाला खोल खण. तिथल्या जोडात तेलकटपणा किंवा ओल राहिली की एपॉक्सी धरत नाही. वर्ष-दोन वर्षांत पापुद्रे सुटतात आणि कॉकच्या जाळीवर जाऊन बसतात. गंजाचा गाळ तरी गाळणीत अडकतो. पापुद्रा कॉकच्या तोंडावर झाकणासारखा बसतो, गाडी बंद पडते, थोडं थांबलं की परत चालू होते. दोष सापडता सापडत नाही. आणि सुटलेलं कोटिंग बंद टाकीतून काढणं गंज काढण्याच्या दहापट अवघड आहे बगा.

किमया
कोटिंगचं नंतर पाहू. आधी गंज कुठे आहे ते बघा, कारण जागेवरून पाणी कुठून आलं ते कळतं.

छताला सारखा, पातळ, तांबूस गंज असेल तर तो हवेतल्या दमटपणाचा. तळाला काळपट, खड्डे पाडणारा गंज असेल तर तिथे पाणी साचून राहिलंय. दोन्हींवर इलाज वेगळा.

“रात्री टाकीत दव जमतं आणि पाणी साचतं” असं सगळीकडे ऐकू येतं. हिशेब करून पाहू. १३ लिटरच्या टाकीत ३ लिटर पेट्रोल म्हणजे १० लिटर हवा. रात्रंदिवसात २० अंशांचा फरक पडला तर ती हवा साधारण ७ टक्क्यांनी फुगते-आकसते, म्हणजे रोज ०.७ लिटर हवा आत-बाहेर. ३० अंशांच्या पूर्ण दमट हवेत लिटरमागे सुमारे ३० मिलिग्रॅम वाफ असते. ती सगळी आत थंड होऊन बसली असं धरलं तरी दिवसाला २० मिलिग्रॅम, चार महिन्यांत फार तर अडीच ग्रॅम. अर्धा चमचा! छतावर ओलसर थर धरायला आणि पत्रा लाल करायला तेवढं पुरतं. पण तळाला वाटीभर पाणी निघत असेल तर ते दवाचं नाही, वरून शिरलेलं आहे.

दुधना
किमयाताई बरोबर बोलल्या. वरून म्हणजे झाकणातून. झाकणाखालची गॅस्केट कडक होऊन चपटी होते. गाडी धुताना प्रेशरचं पाणी झाकणाभोवतीच्या खोलगट भागात साचतं आणि हळूहळू आत उतरतं. तपासायची रीत सोपी आहे. टाकी रिकामी असताना गॅस्केटला खडूची पूड लावा, झाकण लावून काढा. तोंडाच्या कडेवर खडूचं कडं अखंड उमटलं तर ठीक, मध्ये तुटलं तर गॅस्केट बदला. नवी घेताना पेट्रोल-इथेनॉलला टिकणारं रबर मागा. सायकलच्या ट्यूबमधून कापलेलं चार दिवसांत फुगतं.

झाकणाला हवेचं बारीक छिद्र असतं, ते मात्र बुजवू नका. ते बंद झालं की टाकीत ओढ तयार होते आणि पेट्रोल खाली उतरत नाही.

बालाघाटी
मान्य, पण इथेनॉलचं काय? आपल्याच भागातल्या उसाचं इथेनॉल आपल्याच टाकीत येतंय. इथेनॉल पाणी खेचतं. मग पेट्रोल भरून ठेवलं तरी गंज येणारच, म्हणून मी कोटिंग म्हणतो.

किमया
इथेनॉल पाणी विरघळवून धरतं, आणि ठरावीक मर्यादेपर्यंत ते चांगलंच. ते पाणी पेट्रोलबरोबर इंजिनात जाऊन जळतं. मर्यादा ओलांडली की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडतं आणि पाण्याला घेऊन तळाला वेगळा थर करतं. गार झाल्यावर ही मर्यादा आणखी कमी होते. म्हणजे परभणीकडच्या डिसेंबरात दुपारी एकजीव दिसणारं पेट्रोल पहाटे तळाशी फाटलेलं असू शकतं. तो तळाचा थर पत्र्याला साध्या पाण्याहून वाईट. कार्बोरेटरच्या जस्तमिश्र धातूवर पांढरी बुरशीसारखी पूड धरते, ती यानेच.

किती इथेनॉल आहे ते घरी बघता येतं. १०० मिलिच्या मापनळीत १० मिलि पाणी, वर ९० मिलि पेट्रोल. बूच लावून हलवा, दहा मिनिटं ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरतं. खालचा थर १० चा २८ च्या आसपास गेला तर १८ मिलि इथेनॉल, म्हणजे वीस टक्के.

आणखी एक. जुन्या टाकीत वर्षानुवर्षांचा चिकट राळेसारखा थर असतो. इथेनॉल तो सोडवतं आणि त्याखालचा गंज मोकळा होऊन एकदम गाळणीत येतो. लोक म्हणतात नवीन पेट्रोलने टाकी सडवली. बऱ्याचदा सडलेली आधीच होती, झाकलेली उघडी पडली इतकंच.

टू_स्ट्रोक
आमच्या चेतक, येझदी, राजदूतवाल्यांना वाटतं की पेट्रोलमध्ये ऑइल असतं, त्यामुळे आपल्याला गंजाची भीती नाही. ऑइल भिजतं तिथेच राखतं. अर्धी टाकी ठेवली की वरचा अर्धा भाग कोरडा, आणि गंज तिथेच. येझदीची टाकी उलटी करून बघा, छत लाल आणि तळ चकचकीत निघतो. चेतक असो की कुठलीही टू-स्ट्रोक, उभी करताना टाकी काढून चहूबाजूंनी हलवा म्हणजे ऑइल सगळीकडे लागेल.

गोदाकाठी
किमयाताई, माझ्या टाकीत गंज छतालाच आहे. तळ पाहिला नव्हता, पाहून सांगतो. तोवर गंज काढायचा कसा, ते कुणी टप्प्याटप्प्याने सांगेल का? एका गॅरेजात संडास धुण्याचं ॲसिड टाकू म्हणाले.

रोलिंगमिल
ते ॲसिड अजिबात नको. ते हायड्रोक्लोरिक. जालन्यासारख्या स्टीलच्या गावात कुणालाही विचारा, कारखान्यात पत्रा-तार त्याच ॲसिडने साफ होते. पण तिथे लोखंड खाऊ नये म्हणून ॲसिडात इनहिबिटर असतं, माल उघडा असतो आणि भरपूर पाण्याने धुतला जातो. टाकीत जोडाच्या दुमडीत ॲसिड शिरतं आणि धुऊन निघत नाही. मागे राहिलेलं क्लोराइड आतल्या आत पत्रा खातं. सहा महिन्यांनी जोडावर सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात आणि मालक पेट्रोलला शिव्या देतो.

घरच्या घरी करायचं तर सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराण्यातलं लिंबूसत्व. क्रम असा ठेवा.

टाकी उतरवा, कॉक आणि झाकण काढा. कॉकच्या जागी आट्यांना बसणारा बोल्ट रबरी वॉशरसह लावा. रंग वाचवायला तोंडाभोवती मेण चोळा, वर चिकटपट्टी न लावता स्वयंपाकघरातलं पॉलिथिन गुंडाळा आणि सुती कापड बांधा. जुन्या रेघांवर टेप मुळीच चिकटवू नका, काढताना रेघ टेपबरोबर येते.

मग चिकटपणा काढा. हे टाळलं तर पुढचं सगळं वाया, कारण राळेखालच्या गंजाला ॲसिड लागतच नाही. गरम पाण्यात भांडी धुण्याचं लिक्विड आणि मूठभर धुण्याचा सोडा टाकून हलवा, ओता, परत करा. तरीही राळ राहिली तर अर्धा लिटर ॲसिटोन, पण उघड्यावर आणि आसपास विडी-काडी नको. ॲसिटोन रंगावर एक थेंब पडला तरी रंग गेला, हे ध्यानात ठेवा.

पापुद्र्याचा गंज असेल तरच आत काहीतरी खळखळवा. नट-बोल्ट टाकले तर मोजून टाका, मोजून काढा. त्यापेक्षा हातभर साखळी बरी, ओढली की अख्खी बाहेर येते. टाकी गोधडीत गुंडाळून हलवा. पातळ गंजाला हे करायची गरज नाही.

आता १४ लिटर पाण्याला १ किलो लिंबूसत्व. पाणी हात बुडवता येईल इतकंच गरम. बोअरचं जड पाणी नको, त्यातला चुना ॲसिड खातो आणि पांढरी साय धरतो. आरओचं किंवा साठवलेलं पावसाचं घ्या. तुमचा गंज छताला आहे, म्हणून टाकी तोंडापर्यंत गच्च भरा आणि दर तासाला तिरकी करून कोपऱ्यात अडकलेले बुडबुडे बाहेर काढा. बुडबुडा राहिला तिथे गंज तसाच राहतो.

दोन-दोन तासांनी बघा. बहुतेक ८ ते १२ तासांत पत्रा राखाडी दिसायला लागतो. २४ तासांच्या पुढे ठेवू नका, गंज संपला की ॲसिड चांगला पत्रा खायला लागतं.

मांजराकाठ
किराणा दुकानदाराने एक किलो लिंबूसत्वाचं सरबत कुणाच्या लग्नात आहे विचारलं तर बुलेटचं नाव सांगा! 🙂

आमच्याकडे साखर कारखान्यांच्या पट्ट्यात मळीही वापरतात. एक भाग मळी, नऊ भाग पाणी, दहा ते पंधरा दिवस. चांगल्या लोखंडाला फारसा धक्का लावत नाही हा तिचा गुण. पण आंबते, फेस येतो, वास गल्लीभर जातो आणि माश्या घोंगावतात. शिवाय मळीवर उत्पादन शुल्क खात्याचं नियंत्रण आहे, त्यामुळे कारखान्यावरून कॅन भरून आणायच्या भानगडीत पडू नका. सुट्या भागांना ठीक, टाकीला लिंबूसत्वच सोपं.

दुधना
रोलिंगमिलदादा, धुतल्यावर अर्ध्या तासात पत्रा परत पिवळा-लाल होतो, त्याचं काय? निम्मे लोक तिथेच हात टेकतात.

रोलिंगमिल
तोच खरा कसोटीचा अर्धा तास. नागडा पत्रा ओला ठेवला की गंज डोळ्यांदेखत येतो. म्हणून ॲसिड ओतण्याआधी पुढचं सगळं सामान हाताशी मांडून ठेवा.

ॲसिड ओतलं की लगेच लिटरमागे २० ग्रॅम धुण्याचा सोडा घातलेलं पाणी भरून हलवा. खाण्याच्या सोड्यानेही ॲसिड मरतं, पण धुण्याचा सोडा जास्त अल्कली, त्यात गंज धरायला वेळ लागतो. एकदा साध्या पाण्याने खंगाळा. ताबडतोब अर्धा लिटर आयसोप्रोपिल अल्कोहोल टाकून सगळीकडे फिरवा, उरलेलं पाणी ते ओढून घेतं. ते ओतून दोन्ही भोकं उघडी ठेवून टाकी उन्हात, आणि अल्कोहोलचा वास पूर्ण गेल्यावरच आत गरम हवेचा ब्लोअर. मे महिन्याचं आपलं ४२ अंशांचं ऊन इथे कामी येतं. दुपारी बारा ते तीन टाकी सुकायला यापेक्षा चांगली भट्टी नाही, फक्त रंगावर ओलं नसलेलं पांढरं कापड टाका. व्हॅक्यूम क्लीनरने आतली हवा ओढू नका, त्याच्या मोटरची ठिणगी आणि वाफ यांची गाठ पडते.

कोरडी झाली की १५० मिलि टू-टी ऑइल (टू-स्ट्रोकचं ऑइल) अर्धा लिटर पेट्रोलमध्ये मिसळून टाकीत घाला आणि सगळ्या बाजूंनी लोळवा. छत विसरू नका.

बालाघाटी
फॉस्फरिक ॲसिड यापेक्षा बरं नाही का? ते गंजाचं रूपांतर करतं आणि वर थर ठेवतं.

किमया
थर ठेवतं हे खरं. बाजारातलं ८५ टक्क्यांचं असेल तर एक भाग ॲसिड सात भाग पाण्यात. आधी पाणी, मग ॲसिड, उलटं कधीच नाही. पत्र्यावर राखाडी फॉस्फेट बसतं आणि त्यावर ऑइल किंवा कोटिंग चांगलं धरतं. पण दाट ठेवलं तर आत चिकट पांढरट पदार्थ राहतो आणि तो कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकात, जातो. लिंबूसत्वाने साफ करून शेवटी अर्धा तास पातळ फॉस्फरिक, असंही करता येतं.

कुणी विजेची पद्धत विचारण्याआधी सांगते. चार लिटर पाण्याला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, टाकीला चार्जरची ऋण बाजू, मध्ये टांगलेल्या लोखंडी सळईला धन. सळई टाकीला टेकता कामा नये. सळई स्टेनलेस स्टीलची नको, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. शिवाय आत हायड्रोजन तयार होतो, आणि बंद टाकीच्या छताशी तोच साचतो. छताचा गंज काढायला ही पद्धत सोयीची नाही.

गंज काढून झाल्यावर टाकीत चुंबक टाकून ठेवायची कल्पना फिरते. लाल गंज चुंबकाला धड चिकटत नाही. त्यापेक्षा पाइपात कागदी गाळणी बसवा आणि पहिल्या दोनशे किलोमीटरला बदला.

तेरणाकाठ
आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. टाकी गळू लागली तर गॅस वेल्डिंगवाल्याकडे रिकामी टाकी देऊ नका. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक. हवेत पेट्रोलची वाफ दीड ते साडेसात टक्क्यांच्या दरम्यान असली की ठिणगीला स्फोट होतो, आणि “रिकाम्या” टाकीत नेमकी तेवढीच असते. वास येत नाही म्हणजे वाफ नाही असं नसतं, जोडातून आणि गंजातून ती परत निघत राहते. साबण-सोड्याने दोनदा धुवायची, डागाच्या खालपर्यंत पाणी भरायचं आणि बारीक भोकाला कथिलाचा डाग द्यायचा, तोही ज्वाळेने नाही, बाहेर तापवलेल्या जाड सोल्डरिंग आयर्नने.

बालाघाटी
कोटिंगबद्दल माझं मत थोडं आवरतं घेतो. गळत नसेल तर नको, मान्य. पण जोडावर भोकं पडलेल्या, नवीन मिळतच नसलेल्या टाकीला दुसरा इलाज नाही. त्यांच्यासाठी लिहून ठेवतो.

फायबरच्या दुकानात मिळणारं पॉलिएस्टर रेझिन इथेनॉलमध्ये मऊ पडतं, ते वापरू नका. टाकीसाठीचं, इथेनॉलला टिकतं असं डब्यावर लिहिलेलं एपॉक्सीच घ्या. १३ लिटरच्या टाकीला अर्धा लिटर पुष्कळ होतं. कॉकच्या आट्यांना आणि तोंडाला व्हॅसलीन लावा. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत काम उरका, दुपारच्या उष्णतेत मिश्रण डब्यातच घट्ट होतं. टाकी सगळ्या बाजूंनी सावकाश फिरवत राहा, मग उरलेलं सगळं ओतून काढा. लोक इथेच लोभ धरतात. बोगद्याच्या बाजूच्या खणात तळं राहिलं की तो जाड थर पुढे तडकतो. पेट्रोल भरायची घाई नको, चार दिवस सुकू द्या.

टू_स्ट्रोक
मूळ टाकी जपण्याचं आणखी एक कारण. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते, नोंदणी दहा वर्षांची आणि शुल्क २० हजार. चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार केलेला चालत नाही. टाकी त्यात धरा की नका धरू, १९७३ च्या गाडीवर १९७३ ची टाकी असली की गाडीची किंमत आणि मान दोन्ही राहतात.

गोदाकाठी
सगळ्यांचे आभार. तळ पाहिला. कॉक डाव्या अंगाला आहे, त्या बाजूचा तळ स्वच्छ आहे. उजव्या खणात मात्र काळपट पाणी निघालं, दोन चमचे असेल. झाकणाची खडूची परीक्षाही केली, कडं दोन ठिकाणी तुटलं.

किमया
म्हणजे तुमच्याकडे दोन्ही गंज आहेत. छताचा टाकी अर्धवट ठेवल्यामुळे, उजव्या खणाचा झाकणातून. एकाच बाजूला कॉक असला की दुसऱ्या खणातलं पाणी बोगदा ओलांडून कॉककडे येऊ शकत नाही, ते वर्षानुवर्षं तिथेच बसतं. रिझर्व्हवर गाडी चालवून ते निघत नाही. वर्षातून दोनदा टाकी उतरवून उजवीकडून डावीकडे ओतावीच लागेल, किंवा तोंडातून पातळ नळी घालून सिरिंजने तो खण उपसा. उपसलेलं काचेच्या बाटलीत ठेवा, रेघ दिसली तर पाणी.

साफ केल्यावर त्या खणात टोकदार वस्तूने हलकं दाबून बघा. पत्रा लवला तर बालाघाटींचा इलाज, नाही लवला तर ऑइल पुरे.

तेरणाकाठ
आता पावसाळ्याचं. महिनाभरच उभी राहणार असेल तर टाकी काठोकाठ भरा, बोटभर जागा सोडून. हवाच नाही तर छत गंजेल कसं. चार महिने उभी राहणार असेल तर हे पेट्रोल भरून ठेवण्यात अर्थ नाही, इतक्या दिवसांत ते शिळं होतं आणि तळाला फाटायची भीती. मग पूर्ण रिकामी करा, सुकवा, टू-टी ऑइल लोळवा, कॉक बंद, झाकण घट्ट. कार्बोरेटरचं फ्लोटचं भांडंही रिकामं करा. महिन्याने एकदा टाकी उतरवून ऑइल परत फिरवा. सप्टेंबरात पेट्रोल भरताना ते ऑइल ओतून काढा, उरलंसुरलं धुरात जाईल.

जागाही बदला. पत्र्याचं शेड दिवसा तापतं, रात्री गार पडतं, टाकी तेवढाच जास्त श्वास घेते. गावाकडं माळवदाची खोली असेल तर गाडी तिथं लावा. मातीचं जाड छत आणि भिंती, आत दिवसरात्र फार फरक पडत नाही. माळवद गळकं नसलं पाहिजे, एवढंच बगा. खताच्या पोत्यांशेजारी नको आणि गोठ्यातही नको. खत ओल धरतं आणि गोठ्यातला अमोनिया पितळेचे जेट हिरवे करतो.

गोदाकाठी
माळवदाची खोली आहे, तिथेच लावतो. येत्या रविवारी लिंबूसत्व. शेवटचं एकच विचारतो, कॉकचा जुना बुचाचा वॉशर अजून चांगला दिसतोय, तोच परत बसवू का?

रोलिंगमिल
नको. काढलेलं बूच सुकलं की आकसतं आणि परत तसंच बसत नाही, कॉक झिरपतो. नवा टाका. आणि पेट्रोल भरल्यावर रात्रभर खाली कोरडा पुठ्ठा ठेवा, सकाळी डाग दिसला तर लगेच कळेल.